थांबायचे जास्तीचे पैसे

"आजी, डिस्क ब्रेकवाली घेऊ की सादी?"

नातीचा फोन. ओवी इंदूरला असते, नुकती कॉलेजात गेली आहे, आणि तिचं मराठी म्हणजे हिंदीच्या भाजीला वरून मराठी फोडणी. "पप्पा बोलतात ब्रेकच्या मागे एवढे पैसे डालणं बेवकूफी आहे. सायकल तर सायकल असते. तू सांग ना!"

मी देवासला ओट्यावर बसून झेंडूची फुलं निवडत होते. सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. सांगते काय, कपाळ! फुलं तशीच राहिली, बोटं पिवळी झाली आणि मी जी निघाले ती थेट अण्णांनी आणलेल्या त्या काळ्या सायकलीपाशी जाऊन उभी राहिले.

आश्विन लागला की माझं हे असं होतं. माळव्यातले हे दिवस मोठे लबाड. पाऊस आपलं चंबूगबाळं आवरून गेलेला, थंडीचा अजून पत्ता नाही, आणि मधल्या ह्या दिवसांना कुणी वाली नाही म्हणूनच की काय ते इतके मोकळे असतात. हवेत धूळ नसते. टेकडी इतकी जवळ येते की वाटतं, हात लांबवला तर देवीच्या पायऱ्यांना लागेल. रस्त्याच्या कडेला काशाचं गवत पांढरं होऊन डोलत असतं. कुठेतरी कुणी मक्याचं कणीस भाजतंय, कुठेतरी ओलं जोंधळ्याचं रान उन्हात वाळतंय, आणि पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतात ती अनवाणी पावलं. खेड्यापाड्यांतली माणसं टेकडीवरच्या थोरल्या मातेच्या आणि धाकट्या मातेच्या दर्शनाला निघालेली असतात. त्या पावलांना आवाज असा नसतोच, पण जाग येते.

त्या वर्षीही अशीच जाग यायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही राहायचो ते कारखान्याच्या वसाहतीत. सकाळी देवीची घंटा आणि कारखान्याचा भोंगा यांच्यात कोण आधी, अशी चुरस असायची. अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे सांगलीकडचे. कारखाना निघाला तेव्हा पत्र्याची ट्रंक घेऊन देवासला आले आणि माळव्याचेच झाले. बोलणं मात्र कृष्णाकाठचं राहिलं. आई धारची. तिचे वडील संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, कारकुनी गेली, पण 'शब्द दिला म्हणजे दिला' हा घराण्याचा ताठा काही गेला नाही. आई तो माहेराहून लुगड्याच्या घडीत घालून घेऊन आली होती. तिचं मराठीही असं की आम्ही पोरं हसायचो. आम्ही 'टेम' म्हणायचो, ती 'घटका' म्हणायची.

तर मी मॅट्रिक झाले आणि मला पुढे शिकायचं होतं. गणित. कॉलेज होतं आग्रा-मुंबई रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्यावरून ट्रक असे सुटायचे की ओलांडताना छातीत धडधडायचं. टेम्पोत माणसं कोंबलेली असायची, त्यात मुलगी बसवणं आईला मान्य नव्हतं. पायी जायचं तर पहिला तास बुडायचा. राहता राहिली सायकल. आणि आईच्या माहेरी सायकलवर बसलेली मुलगी अजून जन्माला यायची होती.

त्यात बापूमामा आला. आईचा धाकटा भाऊ, धारला शाळामास्तर, तोंडाने अघळपघळ, मनाने लोणी. नवरात्राच्या आधी तो दरवर्षी धारच्या तलावातले शिंगाडे पिशवीभर घेऊन यायचा. शिंगाड्यांबरोबर या खेपेस एक स्थळही आणलं होतं.

"अक्का, मुलगा सोन्यासारखा आहे. धारमध्येच घर. सुमन डोळ्यांसमोर राहील."

मी आतल्या खोलीत शिंगाडे सोलत होते. काळं साल निघालं की आतून पांढरंशुभ्र फळ निघतं, ते खाल्लं की तोंडात तलावाच्या पाण्याची चव येते. त्या दिवशी मात्र काही चव लागेना.

अण्णा इतकंच म्हणाले, "पोरगी शिकणार हाय म्हणत्या. शिकू दे की."

"आणि जाणार कशी?" आई म्हणाली. "त्या राक्षसांच्या मधून?"

राक्षस म्हणजे ट्रक. मग आईनेच निकाल दिला. तिचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. "जाऊ दे गाडीवर. पण ज्या दिवशी ही गाडी थांबवायची तिथं थांबली नाही असं माझ्या कानावर येईल, त्या दिवशी कॉलेज बंद. मग बापूचं स्थळ. हा माझा शब्द."

मामा हसत म्हणाला, "घ्या दाजी! आता गाडी बघायची की ब्रेक?"

अण्णांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते बाजारात सायकलवाल्याकडे गेले. तेव्हा सगळ्या सायकलींना दांडीचे ब्रेक असायचे; मूठ दाबली की दांड्या हलणार आणि रबराचे ठोकळे चाकाच्या कडेला घासणार. कड ओली असली की ते घासायचे नुसते नावाला. अण्णांना तसले नको होते. त्यांना हवे होते चाकाच्या अगदी मधोमध, आसाभोवती बंद डब्यात बसवलेले. बाहेर पाऊस पडो, चिखल उडो, आत कोरडंठाक. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. असे ब्रेक त्या दुकानदाराने स्वतःही क्वचितच विकले असावेत.

"भाऊसाब," तो म्हणाला, "ब्रेक पे इत्ता खरच कोई नी करता. लोग घंटी बढ़िया लेते, सीट बढ़िया लेते. ये तो किसी को दिखेंगे बी नी."

अण्णा म्हणाले, "दिखने के वास्ते नहीं चाहिए." मग माझ्याकडे वळून, "गाडी पळवायला काय, कुणीबी पळवंल. थांबवायला यायला पायजे."

ते ब्रेक इंदूरहून मागवावे लागले, ते आले दसरा झाल्यावर. त्या हिवाळ्यात अण्णांचा नवा कोट व्हायचा होता, तो झाला नाही. जुन्याच्या कोपरांना आईने ठिगळं लावली. माळव्याची थंडी काही खेळ नव्हे, पण अण्णांना विचारलं तर म्हणायचे, "कोट कशाला? भट्टीजवळ उभा असतोय मी."

मामा पुढल्या खेपेला आला तेव्हा सायकलीभोवती फेरी मारून म्हणाला, "दाजी, चालायचे पैसे देतात ते मी ऐकलंय. थांबायचे जास्तीचे पैसे देणारा माणूस आज बघितला!" सगळे हसले. आईही हसली, पदर तोंडाला लावून.

काय दिवस होते ते! सकाळी वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडलं की चाकाखालून रस्ता आपोआप मागे सरायचा. मी काही करतेय असं वाटायचंच नाही. दोन वेण्या, पाठीवर गार वारा, पुढच्या कॅरिअरला गणिताचं पुस्तक. दाणे वेचणारे पारवे मी अगदी जवळ जाईपर्यंत उडायचे नाहीत, इतकी ती सायकल मुकी होती. इतरांच्या सायकली थांबताना करकरायच्या, खरवडायच्या. माझी मूठ दाबली की फक्त एक हलकासा 'हुं' व्हायचा, कुणी झोपेत हुंकार द्यावा तसा, आणि मी हमरस्त्याच्या काठावर हवी तिथे उभी. समोरून ट्रक धडधडत जायचे, रस्ता रिकामा व्हायचा, मग मी पलीकडे.

आणि एक गंमत सांगू? थांबता येतं हे कळल्यावर मी वेगाने जायला लागले. आधी भीत भीत पायडल मारायचे, उतार आला की उतरून चालायचे. आता उतार दिसला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. त्या दुकानदाराला वाटलं, हे ब्रेक कुणाला दिसायचे नाहीत. अहो, मला तर दिवसभर तेच दिसत होते. वर्गात बसले तरी हाताच्या तळव्यात ती मूठ जाणवायची.

पुढल्या वर्षी नवरात्रात आईने देवापुढे तिळाच्या तेलाचा नंदादीप लावला होता. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. आई उठता-बसता वात सारायची, तेल घालायची. घरभर त्या तेलाचा कोमट, जरा कडसर वास भरून राहिलेला. कॉलेजातून आले की दारातच तो यायचा आणि सगळा शीण जायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. तलवारी कुठल्या आमच्याकडे? आमची हत्यारं म्हणजे आईची विळी, शिवणयंत्र, अण्णांचे पाने नि पकडी, माझी पुस्तकं. सगळं पुसायचं, लोखंडाला तेलाचा हात लावायचा, हळदकुंकू, झेंडूचं फूल. अण्णा त्या सकाळी कारखान्यात होते, यंत्रांची पूजा तिथेही असायची. मी फुलांच्या माळा करत होते. पूजा आईने एकटीने केली.

सायकलीपाशी ती कितीतरी वेळ बसली होती, एवढं मला आठवतं. ज्या बाईने मला सायकलवर बसू द्यायला इतके आढेवेढे घेतले, ती आता तिच्या दांडीला कुंकू लावत होती. मला भरून आलं. वाटलं, झालं, आईने ही गाडी घरातली मानली. तिच्या हातात पळी होती, ते मी पाहिलं. पळीत काय होतं ते मी कशाला बघायला जातेय?

अण्णांच्या जुन्या सायकलीला चाकाच्या मध्यावर तेलाचं एक बारीक भोक होतं. रविवारी ते त्यात तेल सोडायचे, आई ते वर्षानुवर्षं बघत आलेली. माझ्या सायकलीलाही तिने तसं भोक शोधून काढलं. आणि तेल कुठलं घातलं असेल? डब्यातलं नव्हे. नऊ दिवस देवीपुढे जळलेल्या नंदादीपातलं. घरात त्याहून मोलाचं तेल नव्हतं. पुढच्या चाकाला पळीभर, मागच्या चाकाला पळीभर. लेकीची गाडी, तिला हात आखडून कसं चालेल?

दसऱ्याला संध्याकाळी मी टेकडीवर गेले. पायऱ्या सोडून बाजूच्या रस्त्याने सायकल हातात धरूनच चढवली आणि दर्शन घेतलं. खाली देवास पसरलं होतं. तलावात आभाळ उतरलेलं, धुराड्यांतून धूर नाही कारण कारखान्यांना सुट्टी, मैदानात रावण अजून आडवा पडलेला आणि माणसं त्याच्या पायांत गवत भरत असलेली. ऊन इतकं मऊ झालं होतं की कशाचीच सावली काळी पडत नव्हती. मी सायकलवर बसले आणि उताराला सोडली.

वळणाशी मूठ दाबली. मूठ नेहमीसारखी दाबली गेली, चाक मात्र धरेना. 'हुं' आलाच नाही.

दुसरी दाबली. तीही तशीच. दोन्ही चाकं अशी फिरत होती जणू त्यांना मला काही सांगायचंच नाही. मग... कसं सांगू, भीती जरा मागे राहिली आणि मी पुढे गेले. झाडं सरत होती, फुलांच्या टोपल्या, पदर, पगड्या, सगळं दोन्ही बाजूंनी वाहत होतं. मी घंटी वाजवत होते, आणि माणसं सणाच्या खुशीत वाट देत होती. कुणाला वाटलंच नाही की ही मुलगी पडायला निघाली आहे. मनात एकच होतं, आणि ते देवीचं नाव नव्हतं. गणित गेलं. कॉलेज गेलं. बापूमामाचं स्थळ.

रस्ता खाली येऊन मैदानात शिरला. मैदानाला जराशी चढण होती, गवत वाढलेलं होतं. चाकं जड झाली आणि सायकल रावणासाठी आणलेल्या गवताच्या ढिगात जाऊन अलगद रुतली. मी वरून ढिगात.

रावणाचा पाय भरणारा एक माणूस कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "क्यों जीजी, अबी तो रावण खड़ा बी नी हुआ, और तुम अबी से भाग री हो?"

मला रडू यायचं होतं, आलं हसू. केसांत गवत घेऊन मी सायकल ढकलत घरी आले. अण्णा फाटकाशीच होते. माझ्याकडे एकदा बघितलं, सायकलीकडे एकदा, आणि काही न बोलता तिला घरामागे घेऊन गेले. आत आई शेजारणींना सोनं वाटत होती, हसण्याचे आवाज येत होते. अण्णांनी चाक सोडलं, तो बंद डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तीळ," ते म्हणाले.

मला कळायला क्षण लागला. मग कळलं, आणि ती सकाळ आठवली. आईचं ते बसणं, ती पळी.

अण्णांनी ते बोट बाहीला पुसलं. "तिला कळता कामा न्हाई. दोन्ही नको. गाडी थांबली न्हाई हे नको, अन् का थांबली न्हाई हे तर मुळीच नको." मग रॉकेलची बाटली आणली, अंधार पडेपर्यंत आतले भाग धुतले, पॉलिशच्या कागदाने घासले. सदऱ्याच्या बाहीला हात पुसत राहिले. मी कंदील धरला होता. आईने आतून विचारलं, "कसला वास येतोय?" अण्णा म्हणाले, "माझ्या कपड्यांचा. कारखान्याचा." कारखान्याला सुट्टी होती, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर आई दारात उभी. म्हणाली, "टेकडीवर गेलीस की उतरताना गाडी हातात धरून उतरायची. देवीच्या दारातून बसून येऊ नये. बरं दिसत नाही." मी मान हलवली. तिच्या सोवळ्याओवळ्याचंच हे काहीतरी असेल, असं वाटलं.

पुढल्या खंडेनवमीपासून अण्णांनी एक नवी रीत काढली. सकाळी कारखान्यात जाण्याआधी ते जुन्या धोतराचं फडकं फाडून दोन्ही चाकांच्या मध्याला घट्ट बांधायचे आणि आईला सांगायचे, "फुलं आसात अडकत्यात. तू आपली घंटीची पूजा कर." आई म्हणायची, "बरं." दरवर्षी फडकं, दरवर्षी बरं. अण्णा मला डोळा मारायचे, आणि मला त्या वेळी इतकं सुख वाटायचं की काय सांगू. माझं कॉलेज झालं. धारचा तो मुलगा दुसरीकडे सुखात पडला, मामाने त्याच्या लग्नातले पेढेही आणून खाऊ घातले. मी शाळेत लागले, माझं लग्न गावातच झालं. सायकल तीच. तो 'हुं' तोच.

आता ओवीला काय सांगू? बाई गं, महागडे ब्रेक जास्त थांबवतात का ते मला ठाऊक नाही. माझे तर ऐन उतारावर दगा देऊन गेले, आणि दांडीचे साधे असते तर आईने तेल लावलेलं दिसलं असतं, फडक्याने पुसून निघालं असतं. हिशेबाने बघशील तर तुझे पप्पा बरोबर आहेत. पण अण्णांनी ते पैसे माझ्यासाठी दिले, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते दिले होते आईसाठी. मी बाहेर पडल्यावर तिला घरात निवांत बसता यावं म्हणून. ते वसूल झाले की नाही हे तिनेच सांगायचं, आणि तिने ते सांगितलं.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा अण्णा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावरची ती पहिली खंडेनवमी. मी सायकल घेऊन आईकडे गेले. तिने तबक मांडलं होतं. विळीची पूजा झाली, शिवणयंत्राची झाली. मग तिने अण्णांचे पाने नि पकडी एकेक पुसून, तेलाचा हात लावून, ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीवर फूल ठेवलं. वापरणारा नव्हता, पण हत्यारं होती. मी दुसरीकडे बघत राहिले.

ती सायकलीपाशी आली. पळी हातात. आणि थबकली.

"फडकं कुठंय?"

"कसलं गं?"

"ह्यांचं. चाकाला बांधायचं. आण, तेल उडेल आत. पुन्हा गवतात जाऊन पडशील."

गवताचं आम्ही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? तुझ्या वेणीत गवत होतं. ह्यांच्या बाहीला माझ्या नंदादीपाचा वास होता. सणाच्या दिवशी कारखान्यात तिळाचं तेल कोण वाटतं?" तिने स्वतःच पदराच्या टोकाने चाकाचा मध्य झाकला आणि घंटीला कुंकू लावलं. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. देवीचं तेल घातलं, आणि तिनेच राखली म्हणायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? शब्द दिला होता ना मी. माझ्या कानावर आलं तर कॉलेज बंद. ते आलंय असं म्हटलं असतं तर मला तो पाळावा लागला असता." ती जराशी हसली. "म्हणून ऐकलंच नाही."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. आईने फूल उचललं, घंटीवर ठेवलं, ते घसरून खाली पडलं, तिने पुन्हा ठेवलं.

"सातवी पास झाले तेव्हा मलाही पुढं शिकायचं होतं, सुमन," ती म्हणाली. "पण आमच्याकडे आजोबा होते, काका होते, आत्या होती, शेजारीपाजारी होते. घरभर नुसते ब्रेकच होते गं. गाडीच नव्हती."

आणि तिने, आयुष्यात पहिल्यांदा, ती घंटी वाजवून बघितली.